हवेतून कमी कसं पाठवायचं? वायरलेस नेटवर्कमधलं कॉम्प्रेशन आणि कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी द्राक्षबागांमध्ये वायरलेस सेन्सर बसवायचं काम करतो, आणि त्यामुळे दोन प्रकारची माणसं सारखी प्रश्न विचारतात. एक म्हणजे प्रोजेक्ट शोधणारी इंजिनिअरिंगची पोरं, आणि दुसरे बागायतदार, ज्यांना मुळात एवढंच हवं असतं की बॅटरी सारखी बदलायला लागू नये आणि आकडा वेळेवर यावा. गंमत म्हणजे दोघांचे प्रश्न फिरून एकाच जागी येतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

नेट एवढं स्वस्त झालंय, मग डेटा वाचवायचा कशाला?

पॅक स्वस्त झालाय, हवा स्वस्त झालेली नाही. वायर्ड नेटवर्कमध्ये कमी पडलं तर आणखी एक फायबर टाकता येते, हवेत दुसरी हवा टाकता येत नाही ना. एका टॉवरखाली जेवढे फोन आहेत ते सगळे त्याच स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या त्याच ठरलेल्या पट्ट्यावर, बसलेत. आषाढीला पंढरपुरात गेलेल्या कोणालाही विचारा, फोनवर रेंजच्या काड्या फुल दिसतात पण साधा फोटो जात नाही, कारण लाखो माणसं त्याच तुकड्यासाठी भांडत असतात. तिथे तुम्ही तुमचा फोटो ४ एमबीचा ४०० केबी केला तर फायदा तुमच्या एकट्याचा नाही, तुमच्या मागे उभ्या असलेल्यांचाही आहे.

आणि दुसरं म्हणजे वायरवर बिट सहसा पोचतो, हवेत पोचेलच असं नाही. नाही पोचला की परत पाठवायचा, म्हणजे तेवढीच हवा परत खायची. हा परत पाठवण्याचा खर्च लोक मोजतच नाहीत.

कॉम्प्रेशन आणि कोडिंग म्हणजे एकच ना?

नाही, उलट आहेत. कॉम्प्रेशन म्हणजे डेटामधला फालतू भाग, म्हणजे जो नसला तरी पलीकडच्याला कळलं असतं तो, काढून टाकणं. कोडिंग (इथे चॅनल कोडिंग आणि नेटवर्क कोडिंग या अर्थी म्हणतोय) म्हणजे विचार करून जादा बिट घालणं किंवा बिट एकमेकांत मिसळणं. एक काढतो, एक घालतो, आणि तरी दोन्हीमुळे ट्रॅफिक कमी होतं. हे ऐकायला उलटसुलट वाटतं पण या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे.

डेटात मुळात जी पुनरुक्ती असते ती चुकीच्या जागी असते. 'पाऊस पडतोय, पाऊस पडतोय' असं दोनदा ओरडलं तर पुनरुक्ती झाली, पण दोन्ही वेळा पहिलाच शब्द वाऱ्याने खाल्ला तर उपयोग काय. म्हणून आधी सगळी काढायची आणि मग जिथे हवा खराब आहे तिथे मोजून घालायची. क्लॉड शॅनननी १९४८ सालच्या पेपरात हे दोन भाग वेगळे करून दाखवले आणि दोन्हींची मर्यादा किती हेही गणितात सांगितलं. त्यानंतरची सगळी मंडळी त्या मर्यादेच्या जवळ कसं जायचं एवढंच करतायत.

कॉम्प्रेशन नेमकं करतं काय?

ढोबळमानाने दोन युक्त्या. पहिली, जे सारखं येतं त्याला छोटं नाव द्या आणि जे क्वचित येतं त्याला मोठं चालेल. घरात बंड्या नावाने हाक मारतात आणि रेशनकार्डावर पूर्ण नाव असतं तसं. डेव्हिड हफमन एमआयटीत शिकत असताना त्याच्या प्राध्यापकांनी, रॉबर्ट फानोंनी, वर्गाला सांगितलं की फायनल परीक्षा द्या नाहीतर टर्म पेपर लिहा, आणि या पठ्ठ्याने परीक्षा चुकवायला जे शोधून काढलं ते १९५२ मध्ये छापून आलं आणि आजही तुमच्या जेपेगच्या आणि झिपच्या पोटात आहे.

दुसरी युक्ती, जे मागे येऊन गेलंय ते परत लिहू नका, 'इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल' एवढंच सांगा. ही अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव या इस्रायलच्या टेक्नियनमधल्या दोघांची, १९७७ ची. जीझिपमध्ये (वेबसाइटचे सर्व्हर पानं लहान करायला वापरतात तो प्रकार) या दोन्ही युक्त्या एकावर एक बसवल्यात.

मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त डेटा खातो हे खरंय का?

कच्चा पाठवलात तर हो, चांगलाच. यूटीएफ-८ मध्ये (इंटरनेटवर अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि इथे चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, हलन्तसुद्धा वेगळं मोजायचं. 'महाराष्ट्र' लिहायला १० चिन्हं लागतात म्हणजे ३० बाइट.

पण या ३ बाइटमध्ये पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा फक्त दोन किमतींपैकी एक. म्हणजे २४ बिटांमध्ये नवीन माहिती जेमतेम ७ बिटांची. इतकी उघड पुनरुक्ती असल्यावर कॉम्प्रेशनवाल्याला मेजवानीच, त्यामुळे जीझिप चालू असलेल्या सर्व्हरवरून आलेलं मराठी पान कच्च्यापेक्षा कितीतरी लहान होऊन येतं. ब्रॉटली नावाचा गुगलने काढलेला प्रकार (२०१६ मध्ये त्याचं स्टँडर्ड आलं) तर सोबत तयार डिक्शनरीच घेऊन येतो, सहा भाषांमधले नेहमीचे शब्द, त्यात हिंदी आहे. मराठी नाही, पण लिपी तीच असल्यामुळे आपल्यालाही थोडाफार वशिला लागतो.

जिथे कॉम्प्रेशन नाही तिथे मात्र फटका बसतो. एसएमएस बघा. एका एसएमएसला १४० बाइट मिळतात, इंग्रजी अक्षरं ७ बिटांत बसतात म्हणून १६०, आणि मराठीला प्रत्येकी २ बाइट म्हणून फक्त ७०. मोठा मेसेज तुकड्यांत गेला तर जोडणीच्या माहितीसाठी जागा जाते आणि तुकड्याला ६७ च उरतात. बागायतदारांना मराठीत अलर्ट पाठवायला लागलो तेव्हा 'पानांवर ओलावा जास्त, डावणीचा धोका' (डावणी हा द्राक्षावरचा रोग) यात गावाचं नाव, बागेचं नाव घातलं की दुसरा एसएमएस सुरू, आणि बिल दुप्पट. तेव्हापासून मी मेसेज अक्षरं मोजून लिहितो, कवीसारखा.

फोनवर नुसतं बोलण्यात कितीसा डेटा जातो?

लँडलाइनच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये एका कॉलला ६४ किलोबिट लागायचे, सेकंदाला ८००० नमुने गुणिले ८ बिट. जीएसएम, म्हणजे २जी मोबाइल, आलं तेव्हा एवढी चैन परवडणार नव्हती म्हणून त्यांनी आवाजाऐवजी घशाचं मॉडेल पाठवायचं ठरवलं. म्हणजे स्वरयंत्र आणि तोंडाची पोकळी आत्ता कशा आकारात आहे याचे आकडे दर २० मिलिसेकंदांनी पाठवायचे आणि पलीकडच्या फोनने त्यावरून आवाज बनवायचा. १३ किलोबिटमध्ये काम झालं. पुढे एएमआर नावाचा आवाजाचा कोडेक (पिळायची आणि परत उलगडायची पद्धत) आला, तो रेंज खराब झाली की ४.७५ किलोबिटपर्यंत खाली उतरतो, आणि तुम्ही गप्प असलात की जवळजवळ काहीच पाठवत नाही. ती जी हलकी खसखस ऐकू येते ना शांततेत, ती बऱ्याचदा तुमच्याच फोनने तयार केलेली असते, नाहीतर लोकांना वाटतं फोन कट झाला.

पण व्होएलटीईमध्ये, म्हणजे ४जीवरच्या कॉलमध्ये, वेगळीच मजा झाली. आता आवाज आयपी पॅकेटमधून, म्हणजे इंटरनेटच्या छोट्या पाकिटांतून, जातो, सेकंदाला ५० पॅकेट. १२.६५ किलोबिटचा आवाज धरला तर एका पॅकेटमध्ये आवाज ३२-३३ बाइट, आणि त्यावर पत्ता-बित्ता असलेलं हेडर, आयपीव्ही६ असेल तर ६० बाइट. म्हणजे पाकीट पत्रापेक्षा जड. नुसत्या हेडरचे सेकंदाला २४ किलोबिट, आवाजाच्या जवळपास दुप्पट!

त्यावर उपाय म्हणजे रोबस्ट हेडर कॉम्प्रेशन, आरओएचसी, २००१ मध्ये स्टँडर्ड झालं. एका कॉलमध्ये पाठवणारा तोच, घेणारा तोच, पोर्ट तेच, सीक्वेन्स नंबर एकाने वाढणार हे दोघांनाही माहिती असतं, मग दर वेळी सांगायचं कशाला. सुरुवातीला एकदा पूर्ण सांगायचं, पुढे १ ते ३ बाइटमध्ये भागतं. ६० चे ३ म्हणजे २४ किलोबिटचे १.२. त्यातला 'रोबस्ट' शब्द महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे खाली परत येतो.

आणि व्हिडिओ?

फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेम, कच्चं पाठवलं तर साधारण १.५ गिगाबिट प्रति सेकंद होतात, आणि तुम्ही तेच ४-५ मेगाबिटमध्ये बघता, यावरून समजा. २००३ चा एच.२६४, २०१३ चा एचईव्हीसी, २०१८ चा एव्ही१, २०२० चा व्हीव्हीसी, अशी ही घराणी आहेत आणि एच.२६४ ते एचईव्हीसी ते व्हीव्हीसी या प्रत्येक पिढीचं उद्दिष्ट तेवढ्याच क्वालिटीला अर्धा बिटरेट असं होतं. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी सोडतो.

एकदा झिप केलेली फाइल परत झिप केली तर?

काही होत नाही, उलट थोडी वाढते. पिळलेलं फडकं परत पिळल्यासारखं. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट हे आधीच पिळलेले असतात.

एन्क्रिप्ट केलेल्या डेटाचंही तेच, तो मुद्दामच पॅटर्न नसलेला दिसतो. म्हणून क्रम नेहमी आधी कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट, मग चॅनल कोडिंग. पण इथे एक खाच आहे: कॉम्प्रेस झाल्यावर साइज किती झाली यावरूनच आतल्या मजकुराचा अंदाज लावता येतो. २०१२ मध्ये क्राइम आणि २०१३ मध्ये ब्रीच नावाचे हल्ले यावरच होते, आणि टीएलएस १.३ मधून (एचटीटीपीएसच्या मागचं एन्क्रिप्शन) कॉम्प्रेशन काढूनच टाकलं.

सेन्सरचा डेटा तर चिमूटभर असतो, तिथे काय वाचवणार?

इथेच सगळ्यात जास्त वाचतं. हा माझा रोजचा धंदा आहे त्यामुळे जरा लांबण लावतो.

आमचे सेन्सर लोरावर (कमी बॅटरीत लांब पोचणारा, पण हळू रेडिओ) चालतात, भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. बाग गेटवेपासून (सगळ्या सेन्सरचं ऐकून पुढे इंटरनेटवर टाकणारी पेटी) लांब असली की सगळ्यात हळू सेटिंगवर यावं लागतं, एसएफ १२, ज्यात वेग सेकंदाला २५० बिट. मेगाबिट नाही हं, नुसते बिट. आणि एका पॅकेटमध्ये तुमचा डेटा जास्तीत जास्त ५१ बाइट.

आता नवीन पोरगं काय करतं, वेबची सवय असते म्हणून जेसन, म्हणजे प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव लिहायची पद्धत, पाठवतं. टेंपरेचर २७.४, ह्युमिडिटी ६१, सॉइल ३४, बॅटरी ३.६१, ही चार नावं इंग्रजीत, अवतरणचिन्हं, महिरपी कंस, स्वल्पविराम सगळं धरून मी मोजलं तर ५९ बाइट. पॅकेटमध्ये बसतच नाही! आणि त्यातली नावं दर वेळी तीच, ती पाठवायचीच कशाला, कितव्या जागी काय आहे हे दोन्हीकडे आधीच ठरवून टाका.

मग बिट मोजा. तापमान उणे २० ते ६० अंश, दशांशापर्यंत, म्हणजे ८०० पायऱ्या, १० बिट पुरे. आर्द्रता ० ते १००, ७ बिट. मातीचा ओलावा, ७ बिट. बॅटरी दोन ते साडेचार व्होल्ट, शतांशापर्यंत, २५० पायऱ्या, ८ बिट. एकूण ३२ बिट म्हणजे ४ बाइट. ५९ चे ४ झाले, आणि यात कुठलाही भारी अल्गोरिदम नाही, फक्त वही-पेन्सिल.

अजून पुढे जाऊ. आम्ही दर १० मिनिटांनी रीडिंग घेतो. १० मिनिटांत तापमान दीड अंशापेक्षा जास्त सहसा हलत नाही, म्हणजे आधीच्यापेक्षा किती बदललं एवढंच सांगायला ५ बिट पुरतात, आर्द्रतेला ४, मातीला २ (माती आळशी असते), बॅटरी तासाला एकदा सांगितली तरी बास. झाले ११ बिट. तासाची सहा रीडिंग, पहिलं पूर्ण ३२ बिटांचं आणि पुढची पाच ११ ची, मिळून ८७ बिट, ११ बाइट. तेच जेसनमध्ये ३५४ झाले असते. बदल मोठा असला, समजा अचानक वळीव आला, तर तेवढ्यापुरतं पूर्ण रीडिंग पाठवायची सोय ठेवायची.

आणि हवेतला वेळ बघा, खरा हिशोब तोच आहे. एसएफ १२ वर ४ बाइटचं एक पॅकेट जवळपास १.३ सेकंद हवा अडवतं, कारण डेटा ४ च बाइट असला तरी प्रीअँबल (सुरुवातीची 'ऐका' म्हणणारी खूण) आणि हेडर ठरलेलेच. सहा पॅकेट वेगवेगळी पाठवली तर जवळपास ८ सेकंद. सहाही एकत्र ११ बाइटमध्ये पाठवली तर १.५ सेकंद. म्हणजे नुसतं लहान करून भागत नाही, एकत्रही करायला लागतं. तोटा एवढाच की बातमी तासभर शिळी होऊ शकते. डावणीच्या अंदाजाला पानं किती तास ओली राहिली ते लागतं, तिथे तासभराने काही बिघडत नाही, पण ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर असं बसून राहता येत नाही.

फरकच पाठवायचा तर मध्येच एक पॅकेट हरवलं की?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो, कारण मी स्वतः हा विचार केला नव्हता.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून एका पॅकेटमधला फरक आधीच्या पॅकेटवरून काढायचो, अजून चार बिट वाचायचे ना. गोडी छाटणीनंतर (द्राक्षाची फळासाठीची छाटणी) एका रात्री पाऊस झाला, मध्ये दोन पॅकेट हरवली, आणि त्यानंतरचं प्रत्येक रीडिंग चुकीच्या पायावर उभं राहिलं. सकाळी बागायतदारांचा फोन, 'साहेब, तुमच्या मोबाइलवर आमच्या बागेत दोन अंश दाखवतंय, बर्फ पडलाय का?' तेव्हापासून प्रत्येक पॅकेटची सुरुवात पूर्ण रीडिंगने होते, पॅकेट गेलं तर त्याच्यापुरतंच नुकसान.

जेवढं जास्त पिळाल तेवढा उरलेला प्रत्येक बिट महाग होतो. कच्च्या मजकुरात एक अक्षर बिघडलं तर एक अक्षर बिघडतं, झिपमध्ये एक बिट बिघडला तर पुढची सगळी फाइल जाऊ शकते. व्हिडिओत मधूनमधून एक पूर्ण फ्रेम याचसाठी घालतात, आरओएचसीमध्ये अधूनमधून पूर्ण हेडर याचसाठी जातं, 'रोबस्ट' ते हेच. आणि चॅनल कोडिंग लागतं तेही इथेच.

शेजारशेजारचे दोन सेन्सर जवळपास तेच सांगतात, मग दोघांनी पूर्ण का पाठवायचं?

नकोच. आणि भारी गोष्ट म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलायचीही गरज नाही. समजा एकाच बागेत दोन सेन्सर आहेत आणि त्यांच्या आर्द्रतेत ३ पेक्षा जास्त फरक कधी पडत नाही. पहिल्याने पूर्ण ७ बिट पाठवले: ६२. दुसऱ्याकडे ६४ आहे, तो फक्त ८ ने भागून उरलेली बाकी पाठवतो, म्हणजे ०, याला ३ बिट. गेटवेला माहितीय की दुसरा ५९ ते ६५ मध्येच असणार, आणि त्यात ८ ने भागल्यावर बाकी ० येणारा एकच आकडा आहे, ६४. संपलं. दुसऱ्या सेन्सरला पहिल्याचा आकडा माहितीच नव्हता! डेव्हिड स्लेपियन आणि जॅक वुल्फ यांनी १९७३ मध्ये दाखवलं की एकमेकांशी न बोलता, एकत्र कॉम्प्रेस केल्याइतकंच कमी पाठवता येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस विश्वास बसला नव्हता.

अर्थात एका सेन्सरवर कोळ्याने जाळं केलं की '३ पेक्षा जास्त फरक नाही' हे गृहीतक गेलं, हेही लक्षात ठेवा.

जादा बिट घालून ट्रॅफिक कमी कसं होईल? वाढेल ना?

एका पॅकेटपुरतं वाढतं, एकूण कमी होतं. कारण जादा बिट नसते तर हरवलेलं अख्खं परत पाठवायला लागलं असतं.

मोबाइलमध्ये यावर छान युक्ती आहे. पॅकेट बिघडलं तरी फोन ते फेकत नाही, जपून ठेवतो, आणि टॉवर तेच पॅकेट परत पाठवायच्या ऐवजी थोडे नवे पॅरिटी बिट, म्हणजे मूळ बिटांवरून हिशोब करून काढलेले जादा बिट, पाठवतो, मग जुनं बिघडलेलं आणि नवे बिट जुळवून फोन मूळ काढतो. याला हायब्रिड एआरक्यू म्हणतात. ५जीमध्ये डेटासाठी एलडीपीसी कोड वापरतात, जे रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास शोधले आणि तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपले नाहीत म्हणून तीसेक वर्षं धूळ खात पडले होते. आणि कंट्रोल सिग्नलसाठी पोलर कोड, तुर्कस्तानच्या एर्दाल अरिकान यांचे, २००९ चे.

एकच गोष्ट खूप जणांना पाठवायची असेल तर?

आमच्याकडे हे फर्मवेअर (सेन्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटला होतं. ४० डिव्हाइस, अपडेटचे १०० तुकडे, प्रत्येक डिव्हाइसकडे ५ टक्के हरवतात असं धरा. प्रत्येकाचे फक्त ५ तुकडे राहिले, पण प्रत्येकाचे वेगळे! एखादा तुकडा चाळिसातल्या निदान एकाला मिळाला नाही याची शक्यता काढा, ०.९५ चा ४० वा घात साधारण ०.१३, म्हणजे ८७ टक्के. १०० पैकी ८७ तुकडे परत पाठवायचे, आणि त्यातलेही काही परत हरवणार.

इथे फाउंटन कोड कामाला येतात, मायकेल लुबी यांनी २००२ मध्ये छापले. तुकडे तसेच न पाठवता त्यांची मिसळ करून पाठवायची, कधी तिसरा आणि सतरावा एकत्र, कधी पाच-सहा एकत्र. कोणती मिसळ मिळाली याला महत्त्व नाही, किती मिळाल्या याला आहे. कारंज्याखाली पेला धरल्यासारखं, कुठले थेंब आत पडले हे कोण बघतं, पेला भरला की झालं. वरच्या उदाहरणात साधारण १५ जादा पॅकेटमध्ये काम होतं, ८७ च्या जागी. आणि कोणाला काय मिळालं नाही हे चाळीस जणांनी ओरडून सांगायचीही गरज नाही. रॅप्टरक्यू नावाचा सुधारलेला प्रकार २०११ पासून स्टँडर्ड आहे, त्यात तुकड्यांपेक्षा दोनच पॅकेट जास्त मिळाली तर फसायची शक्यता दहा लाखांत एक इतकी कमी. लोरावॅनच्या (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचे नियम) अपडेट पद्धतीतही असंच पॅरिटी तुकड्यांचं तंत्र आहे.

नेटवर्क कोडिंग म्हणजे वेगळं काय?

समजा आक्का आणि तात्या डोंगराच्या दोन बाजूंना आहेत, मध्ये पाण्याच्या टाकीवर रिले बसवलाय. आक्कांना तात्यांना १०११ पाठवायचंय, तात्यांना आक्कांना ०११०. साध्या पद्धतीने चार वेळा हवा लागते: आक्का ते टाकी, टाकी ते तात्या, तात्या ते टाकी, टाकी ते आक्का.

आता टाकीने दोन्ही घेतल्यावर त्यांचा एक्सॉर करायचा, म्हणजे दोन बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. येतं ११०१. हे एकदाच हवेत सोडायचं, हवा काय, दोघांनाही ऐकू जाते. तात्यांकडे स्वतःचं ०११० आहेच, ते ११०१ शी एक्सॉर केलं की १०११ मिळालं. आक्कांचंही तसंच. चारचे तीन झाले.

मूळ कल्पना २००० सालची, आल्सवेडे, काई, ली आणि युंग यांची. आणि ती खऱ्या वायफायवर चालवून दाखवली २००६ मध्ये, कोप नावाने, एमआयटीच्या गटाने, २० नोडवर (जाळ्यातल्या २० यंत्रांवर). त्या पेपरचे पहिले लेखक सचिन कट्टी, आपल्या पवईच्या आयआयटीतून गेलेले. तोपर्यंत वायरलेसमध्ये सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं ही डोकेदुखी समजायचे, यांनी त्यालाच भांडवल केलं.

एवढं भारी आहे तर प्रत्येक राउटरमध्ये का नाही?

कारण आक्का आणि तात्या दोघांनी साधारण सारखंच बोलायला हवं. आपण इंटरनेटवरून उतरवतो जास्त आणि चढवतो कमी, मग एक्सॉर करायला जोडीदारच मिळत नाही. कोपच्याच पेपरात गेटवे जोडल्यावर फायदा ५ ते ७० टक्के असा निघाला, अपलोड-डाउनलोडच्या प्रमाणावर अवलंबून. आणि टीसीपी ट्रॅफिकवर (पोच मागणारं, इंटरनेटवरचं नेहमीचं ट्रॅफिक), जिथे नोड एकमेकांना ऐकू येत नसल्यामुळे टक्कर होत होती, तिथे जेमतेम २-३ टक्के. पेपर लिहिणाऱ्यांनी हे लपवलं नाही याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. शिवाय घरातला राउटर एकाच उडीत फोनपर्यंत पोचतो, मधला रिलेच नाही, मग मिसळायचं काय. मेश नेटवर्कसाठी, जिथे एक यंत्र दुसऱ्याचा डेटा पुढे ढकलतं, २०१३ मध्ये लिनक्स कर्नलच्या बॅटमॅन मॉड्यूलमध्ये ही सोय आली होती, प्रयोग करायचा असेल तर तो कोड वाचा.

कॅशिंगमध्ये (लागेल ते आधीच फोनमध्ये साठवून ठेवणं) कोडिंग घालतात म्हणतात, ते काय?

एक साधं उदाहरण. दोन सिरियलचे दोन एपिसोड, अ आणि ब. संध्याकाळी कोण काय बघणार माहिती नाही, पण पहाटे नेटवर्क मोकळं असतं. तेव्हा पहिल्या फोनमध्ये दोन्ही एपिसोडचा पहिला अर्धा भाग टाकून ठेवला, दुसऱ्या फोनमध्ये दोन्हींचा दुसरा अर्धा. संध्याकाळी पहिल्याने अ मागितला, दुसऱ्याने ब. पहिल्याला अ चा उत्तरार्ध हवाय, जो दुसऱ्याकडे आहे, आणि दुसऱ्याला ब चा पूर्वार्ध, जो पहिल्याकडे आहे. टॉवरने दोन्हींचा एक्सॉर करून एकदाच सोडला, दोघांचं काम झालं. दोन अर्ध्यांच्या जागी एकच अर्धा. महंमद अली मद्दाह-अली आणि उर्स नीसन यांचा २०१४ चा पेपर. कागदावर माणसं वाढतील तसा फायदा वाढतो, पण फाइलचे तुकडेही भयंकर बारीक करायला लागतात आणि सगळ्यांनी एकाच वेळी मागायला हवं, त्यामुळे मला तरी हे क्रिकेटच्या फायनलपेक्षा गणिताच्या परीक्षेत जास्त शोभतं असं वाटतं. चूक निघालो तर आनंदच आहे.

एवढं गणित करण्यात बॅटरी जात नाही का?

जाते, पण रेडिओच्या मानाने काहीच नाही. छोट्या सेन्सरमध्ये एक बिट लांब पाठवायच्या एनर्जीत प्रोसेसर शेकडो-हजारो सूचना चालवतो. त्यामुळे विचार करा आणि मग बोला हे तिथे अक्षरशः परवडतं. व्हिडिओला मात्र उलट होऊ शकतं, नवीन कोडेक जुन्या फोनवर हार्डवेअरशिवाय चालवला की फोन तवा होतो, डेटा वाचला आणि बॅटरी गेली.

साध्या माणसाने फोनवर काय करावं?

फार काही नाही, फोन बरंचसं आपणहून करतो. व्हिडिओची क्वालिटी ऑटोवरून खाली आणा, बाकी सगळ्यापेक्षा याचा फरक जास्त पडतो. डेटा वाचवणारी 'बूस्टर' ॲप टाकू नका, एचटीटीपीएसच्या आत त्यांना काही दिसत नाही तर कॉम्प्रेस काय करणार. क्रोमचं लाइट मोडसुद्धा २०२२ मध्ये बंद केलं.

प्रोजेक्टला कुठून सुरुवात करू?

एक सेन्सर घ्या, आठवडाभर कच्चा डेटा कार्डवर साठवा, काही पाठवू नका. मग वहीवर मांडा की सलग दोन रीडिंगमध्ये फरक किती पडतो आणि किती वेळा. त्या तक्त्यावरून बिट ठरवा, हफमनचं झाड हाताने काढा. त्यानंतर अँटेना मुद्दाम वाकडी करून दहा टक्के पॅकेट हरवू द्या आणि गेटवेवर काय दिसतं ते बघा. दोन अंश दिसले तर मला फोन करू नका, पाया कुठे चुकला ते आता तुम्हाला माहितीय.